तिरकी हिरवी रेघ

१

म्हातारी पाण्यातून वर आली तेव्हा मी रंगाच्या वड्या भिजवून, ब्रश धुऊन तयार बसले होते.

म्हातारी म्हणजे एक लाकडी फळी. जाडजूड, अर्ध्या दाराएवढी. आमच्या समुद्र-संशोधन केंद्राच्या जुन्या धक्क्याखाली ती दोरांवर टांगलेली असायची, ओहोटीलाही उघडी पडणार नाही इतकी खोल. केंद्र सुरू झालं तेव्हा पहिल्या संचालक-सरांनी स्वतःच्या हाताने ती सोडली होती. तेव्हापासून तिला कोणी खरवडलं नव्हतं की पुसलं नव्हतं. बाकीच्या फळ्या यायच्या, जायच्या. म्हातारी होती तिथेच होती. माणसाने समुद्रात ठेवलेल्या वस्तूवर आधी कोण बिऱ्हाड करतं, मग कोण कोणाला हुसकावतं आणि शेवटी कोण टिकतं, हे सगळं तिच्यावर बघायला मिळायचं.

माझी ताई तिथे शेवाळ विभागाची प्रमुख होती. सगळे तिला शेवाळताई म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. मला चित्रकलेखेरीज काहीच धड येत नव्हतं, म्हणून तिने मला फळ्यांची चित्रं काढायला लावलं होतं. दर महिन्याला म्हातारीला हातरहाटाने वर घ्यायचं, समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या टाकीत ठेवायचं, माझं चित्र होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा खाली सोडायचं. कॅमेरा होता की. पण ताई म्हणायची, कॅमेरा नुसता बघतो, हाताला विचार करावा लागतो.

त्या दिवशी मी पेन्सिल टेकवली आणि हात पुढे जाईना. हिरवं शेवाळ होतं, तपकिरी बुळबुळ होती, पांढरी खरखरीत कवचंही होती. तरी आपल्या आजीच्या खुर्चीत दुसरीच कोणी बाई तिचं लुगडं नेसून बसलेली दिसावी, तसं मला झालं. इतकी वर्षं झाली, आता मीच आजी झाले, पण तो क्षण आठवला की अजून हात थबकतो.

"ताई," मी म्हटलं, "ही आपली म्हातारी नाही."

२

ताईने फळी उलटून पाहिली. फळीची मागची बाजू जवळजवळ कोरी होती. म्हातारीच्या मागच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नसे, तिथे स्पंज नावाच्या मऊ, नारिंगी समुद्री जीवांची दाटी होती. मी ती इतक्या वेळा रंगवली होती की नारिंगी वडी नेहमी आधी संपायची.

बातमी संचालकसाहेबांपर्यंत जायला वेळ लागला नाही. साहेब मनाने वाईट नव्हते, पण प्रश्न समोर आला की त्यांना उत्तराची घाई व्हायची. चूक असलं तरी चालेल, पण उत्तर हवं. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, हे त्या रंगवाल्याचं काम.

रंगवाला म्हणजे जहाजांच्या तळाला लावायचा रंग बनवणाऱ्या कंपनीने आमच्याकडे पाठवलेला रसायनतज्ज्ञ. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि कवचं चढली की जहाज जड होतं, इंधन खातं. म्हणून या रंगात तांब्याचं विष असतं. आमची ताई शेवाळ जपणारी आणि हा ते मारणारा. पहिल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, दुसऱ्या दिवशीही झालं, आणि त्यानंतर चहाच्या वेळेला दोघं रोज एकाच बाकावर बसून भांडू लागली. शेजारचा बाक रिकामा असतानाही.

त्याला म्हातारीच्या अगदी तळच्या थरातला नखाएवढा तुकडा हवा होता. एवढी वर्षं चिकटून राहणारे जीव नेमका कसला गोंद वापरतात, हे त्याला पाहायचं होतं. ताईने शंभरदा नाही म्हटलं. मग एकदा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तो हसत बोलून गेला होता, "थांबा, एक दिवस म्हातारीला पळवूनच नेतो." सगळे हसले होते. आता तेच वाक्य त्याच्या गळ्यात आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमचं केंद्र जमिनीच्या एका चिंचोळ्या टोकावर होतं आणि यायला-जायला लाँचशिवाय सोय नव्हती. साहेबांनी हुकूम काढला की रंगवाल्याने जेवणानंतरच्या लाँचने चालतं व्हावं, कंपनीला आपण कळवू. चोरीचा शिक्का घेऊन गेलेल्या माणसाला पुन्हा कोणती प्रयोगशाळा दारात उभं करणार?

ताई एवढंच म्हणाली, "लाँच सुटेपर्यंत मला वेळ द्या."

साहेब म्हणाले, घ्या. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांच्यापुरतं कोडं सुटलं होतं. मी मात्र ताईकडे बघत होते. ती चष्मा पुसत होती. चष्मा स्वच्छ होता.

३

कँटीनच्या मावशींपासून सुरुवात करू, असं मीच सुचवलं, कारण म्हातारी वर आली की तिच्या वासाने मावशी नाकाला पदर लावायच्या आणि एक दिवस हिला चुलीत घालीन म्हणायच्या. मावशींनी आम्हाला बसवून घेतलं, खायला दिलं आणि मग फैलावर घेतलं. ओली फळी चुलीत घालायला मी काय वेडी आहे का, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तो रंगवाला चोर नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. जो माणूस स्वतःची ताटली स्वतः विसळतो तो चोर नसतो. ताई म्हणाली, मावशी, हा पुरावा साहेबांपुढे चालणार नाही. मावशी म्हणाल्या, मग साहेबांना एकदा ताटली विसळायला लावा.

साहेबांनाही ताईने सोडलं नाही. जुना धक्का पाडून सिमेंटचा बांधायचं त्यांच्या मनात होतं, आणि म्हातारी तिथे असेपर्यंत धक्क्याला हात लावायला सगळे बिचकत होते. ताईने ते तोंडावर विचारलं. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, मला ती काढायची असती तर मी सरळ सही केली असती, चोरून काढायला मी कशाला जाऊ? हे मात्र खरं वाटलं. साहेबांना सही करायला फार आवडायचं.

रंगवाला त्याच्या खोलीत शर्टांच्या घड्या घालत होता. त्याने काही नाकारलं नाही की शपथ घेतली नाही. ताई आली तसा तो उठून उभा राहिला आणि खुर्चीवरची पुस्तकं उचलली. ताईने धक्क्याकडे कधी गेला होतात, बरोबर कोण होतं, असं सगळं परक्यासारखं विचारलं आणि त्यानेही परक्यासारखी उत्तरं दिली. तो रोजच धक्क्यावर जायचा, बहुतेक वेळा एकटाच. यातलं काहीच त्याच्या उपयोगाचं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा त्याने हळूच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ताई म्हणाली, मला काय वाटतं ते महत्त्वाचं नाही. मला तिचा असा राग आला की जिना उतरेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

शेवटी मामाकडे गेलो. मामा आमच्या आईचा सख्खा भाऊ, केंद्राचा पाणबुड्या. धक्क्याखालचे दोर, खांब, फळ्या सगळं तो बघायचा, आणि आम्ही दोघी इथे आलो त्या त्याच्याच बोटाला धरून. पडसं झालंय म्हणून तो काही दिवस घरीच होता. डोक्याला मफलर गुंडाळून खिडकीशी बसला होता. त्याचा तराफा किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवलेला येता येता दिसलाच होता, वर ताडपत्री घातलेली. डागडुजीला काढलाय, मामा म्हणाला.

म्हातारीचं ऐकून त्याने मान खाली घातली. धक्क्याखाली कोणाला पाहिलंस का, असं ताईने विचारलं. ते त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, आणि तेव्हा त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. कोणाला नाही पाहिलं, म्हणाला. रंगवाल्याचं नाव ताईने काढलंच नाही. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मला तेव्हा वाटलं.

परत येताना ताई म्हणाली, "माणसं झाली. आता जिने सगळं पाहिलंय तिलाच विचारू."

४

म्हणजे त्या फळीला.

ताईने बाह्या वर केल्या, टाकीतल्या फळीच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं आणि माझंही बोट धरून फिरवलं. कोरी कसली, बुळबुळीत होती. समुद्रात काहीही टाका, बाटली टाका, लोखंड टाका, त्यावर आधी एक साय धरते. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू येऊन चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पांघरूण विणतात. मग त्यावर तपकिरी, धुळीसारखं बारीक शेवाळ बसतं. मग हिरवे केस उगवतात, आणि कवचवाले येतात ते बहुधा त्यानंतर, तयार बिछान्यावर. हा क्रम ताई मला लहान मुलाला बडबडगीत शिकवावं तशी शिकवत आली होती.

"इथे कुठली पायरी आहे?" तिने विचारलं.

नुसती साय होती. एकही हिरवा केस नव्हता. म्हणजे ही बाजू आजवर कशाला तरी घट्ट टेकलेली होती आणि पाण्याला लागून तिला फार तर काही दिवस झाले होते. ही फळी कशावरून तरी उचकटून काढलेली होती.

आता पुढची बाजू. तिच्यावर जुनं शेवाळ होतं, पण गर्द हिरव्या केसांचा एक अरुंद पट्टा वरच्या कडेजवळून गेला होता. खाली तो विरत गेला होता, पण वर त्याची कड साडीच्या काठासारखी रेखीव होती. त्या कडेच्या वर लाकूड उघडं, त्यावरही नुसती नवी साय. ताई म्हणाली, धक्क्याच्या खांबांवर असा काठ दिसतो का कुठे? नाही दिसत. खांब जागचा हलत नाही, पाणीच त्याच्यावर चढतं-उतरतं, म्हणून तिथे हिरवं, तपकिरी, पांढरं सगळं ऐसपैस पसरतं. एवढी रेखीव रेघ कधी उठते, तर वस्तूच पाण्याबरोबर वर-खाली होत असेल तेव्हा.

"म्हणजे तरंगणारी," मी म्हटलं.

तरंगणाऱ्या वस्तू आमच्याकडे मोजक्याच. साहेबांची धक्क्याभोवती फिरायची पांढरी होडी आठवड्याला घासूनपुसून लख्ख व्हायची, तिच्यावर शेवाळाची बिशाद नव्हती. आणि रंगवाल्याची होडी तर तळापासून त्याच्याच विषारी रंगाने माखलेली. ताई इथे पहिल्यांदा हसली. सगळ्या बंदरात ज्याच्याजवळ चिमूटभर शेवाळ निघणार नाही असा हा एकच माणूस, म्हणाली. पण लगेच तिने स्वतःलाच टोकलं की दुसऱ्याच्या वस्तूवरून त्याने फळी काढली असेल तर? हे पुरेसं नाही.

ती पुन्हा फळीकडे बघत राहिली, आणि मीही. रेघेत काहीतरी खटकत होतं. चित्र काढताना मी कागद सरळ करायला जाते तशी मी नकळत मान तिरपी केली.

"ताई, ही रेघ तिरकी आहे."

एका टोकाला हिरवी रेघ फळीच्या अगदी वरच्या कडेला भिडली होती, आणि दुसऱ्या टोकाकडे उतरत गेली होती. उघड्या लाकडाची पाचर त्या टोकालाच होती. ताईने रंगाची रिकामी ताटली उचलून टाकीत तरंगत सोडली आणि तिच्या एका कडेला माझा खोडरबर ठेवला. ताटली त्या बाजूला कलली. एकीकडे पाणी काठाला आलं, दुसरीकडे काठ कोरडा राहिला.

मी ताटलीकडे बघितलं. ज्याच्या एका टोकावर नेहमीच काहीतरी जड असतं, असं लाकडी तरंगणारं काय होतं ते मला माहीत होतं. लहानपणापासून मी त्याच्या हलक्या टोकावर बसत आले होते. जड टोकावर मामाला पाण्याखाली नळीतून हवा पुरवणारा पंप असायचा.

ताईने खोडरबर उचलला, पुसला, माझ्या हातात दिला.

५

ताडपत्री उचलली तर तराफ्याच्या एका कडेची फळी नव्हती. उघड्या चौकटीवर खिळ्यांची भोकं दिसत होती. मामा मागून केव्हा येऊन उभा राहिला ते आम्हाला कळलंच नाही.

"तुला फसवणं जमायचं नाही हे माहीत होतं," तो ताईला म्हणाला. "पण बघ, कोरी फळी नाही टांगली. त्यातल्या त्यात केसाळ बघून टांगली."

त्याने सगळं सांगितलं. डाव्या कानाने त्याला कित्येक महिन्यांपासून दगा दिला होता. त्या दिवशी म्हातारीचे दोर तपासायला खाली गेला आणि पाण्यातच त्याला घेरी आली. वर कुठलं आणि खाली कुठलं कळेना. हाताला लागलं ते त्याने घट्ट धरलं आणि ती म्हातारी होती. त्याच्या भाराने दोर तुटले. तो कसाबसा वर आला, ती मात्र गाळात गेली. साहेबांनी त्याला आधीच बजावलं होतं की कानाची पुन्हा तक्रार आली तर पाण्यात उतरणं बंद. मामाला दुसरं काय येत होतं? जमिनीवर तो आम्हाला नेहमी पाहुण्यासारखाच वाटायचा.

"कान बरा झाला की तिला शोधून वर आणणार होतो," तो म्हणाला. "तोवर तुझा जीव जायला नको, एवढंच."

ताई वाळूत त्याच्याजवळ बसली. तिच्यापुढे इकडे आड तिकडे विहीर होती. खरं सांगावं तर मामाचं पाण्यात उतरणं सुटणार होतं, गप्प बसावं तर रंगवाला चोर म्हणून लाँचमध्ये चढणार होता. मला वाटलं, ती आता मामाला काहीतरी समजावेल, नाहीतर रडेल तरी. तिने त्याच्या मफलरची सुटलेली गाठ बांधली आणि सपाट आवाजात सांगितलं, "मामा, साहेबांनी रंगवाल्यावर आळ घेतलाय. जेवणानंतरच्या लाँचने पाठवताहेत त्याला."

हे मामाला ठाऊकच नव्हतं.

"अगं, हे आधी नाही का सांगायचं," तो म्हणाला. मग घरात गेला, मफलर काढून ठेवला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्याकडे न बघता साहेबांच्या ऑफिसकडे चालू लागला.

६

आम्ही धावत धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँच लागलेली होती. रंगवाला बॅग घेऊन रांगेत शेवटी उभा होता. मावशींनी दिलेला डबा त्याच्या काखेत होता. ताईला धाप लागली होती, तशातच तिने त्याला फळीची, सायीची, रेघेची सगळी हकीकत सांगितली, शाळेत धडा म्हणावा तशी. मामाचं सांगताना मात्र तिचा आवाज जरासा हलला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. आनंद झाल्याचं दिसलं नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सकाळी माझ्या खोलीत आलात, तेव्हा एकदाही वाटलं नाही, की या माणसावर नुसता विश्वास ठेवावा?"

लाँचवाल्याने भोंगा वाजवला. ताईने चष्मा काढला, पण पुसला नाही.

"विश्वास होताच," ती म्हणाली. "तो तुमच्या काय उपयोगाचा होता? साहेबांना दाखवता आला असता का?"

त्याने बॅग खाली ठेवली. लाँचवाल्याने ओरडून विचारलं, येताय की नाही? तेव्हा मीच हाताने खूण केली, जा म्हणून. ती दोघं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

७

साहेबांनी रंगवाल्याची माफी मागितली, तीही लेखी, सहीसकट. मामाचं पाण्यात उतरणं मात्र बंद झालं. त्याबाबतीत साहेब बरोबरच होते आणि ते मामालाही कळत होतं. बंदरातून दुसरा पाणबुड्या बोलावून म्हातारीला गाळातून वर काढलं. तिची एक बाजू गुदमरून मेली होती, दुसरी जिवंत होती. ताईने तिला धुतली नाही, पुसली नाही, होती तशीच परत टांगली आणि मला म्हणाली, आता मेलेल्या बाजूचं चित्र आधी काढ.

पण धक्क्याखाली उतरणार कोण? नवीन पाणबुड्या मिळेना. तेव्हा ताईनेच ठरवलं आणि मामाने तिला शिकवलं. आईला कळलं तेव्हा तिने दोन दिवस भावाशी अबोला धरला.

ताई पहिल्यांदा उतरली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. समुद्र अगदी शांत होता. नवी फळी ठोकलेल्या तराफ्यावर मामा पंपाशी बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. मी हलक्या टोकावर. ताईच्या कमरेचा दोर धरायचं काम रंगवाल्याने कोणी न सांगता घेतलं होतं. ती खाली दिसेनाशी झाली, बुडबुडे तेवढे वर येत राहिले. त्याने दोर दोन्ही हातांत असा आवळून धरला की बोटं पांढरी पडली. मामा पंप चालवत राहिला.

"जावईबापू," तो शेवटी म्हणाला, "दोर जरा सैल सोडा. असा ओढून धरलात तर ती काम कसं करणार?"

जावई वगैरे अजून काहीच ठरलेलं नव्हतं. मी रंगवाल्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याने मामाला दुरुस्त केलं नाही. दोर मात्र सैल सोडला.